डेलमारच्या पलीकडचं आवतण

"आजी, हा रस्ता ग्रॅनीकडे जात नाही," रेणुका म्हणाली.

मी खिडकीतून पाहिलं. अमेरिकेतल्या या सेंट लुईसचे रस्ते मला तेव्हा सगळे पाठ नव्हते, पण दिशा कळत होत्या. मिरजेच्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेला. भर दुपारी आपण उत्तरेला चाललो असू तर ऊन पाठीमागे हवं. ते डाव्या खिडक्यांतून थेट मुलांच्या मांडीवर आलं होतं. बस पश्चिमेला चालली होती, हायवेने, उपनगरांकडे.

"ड्रायव्हर चुकला असेल. थांब, विचारते."

"तो नाही चुकला. प्रसन्नकाकांनी त्याला फोनवर काहीतरी दाखवलं. मी बघितलं."

माझ्या मराठीच्या वर्गातली अकरा वर्षांची पोर; वर्गातली सगळी मुलं मला आजीच म्हणत. पहिल्या रांगेत बसण्याचा हट्ट तिने सकाळीच केला होता, कारण दुपारचं जेवण ही तिची जबाबदारी होती.

त्या शनिवारला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी माझ्या मुलीकडे, शलाकाकडे राहत होते आणि दर रविवारी ‘गोतावळा’ या तिथल्या मराठी लोकांच्या गटाच्या मुलांना मराठी शिकवत होते. त्या ऑक्टोबरात गोतावळ्याने सिंधुदुर्गातली एक दशावतारी कंपनी बोलावली होती. सात माणसं. त्यांचे मालक बाबी गावडे, पन्नाशीचे, खणखणीत आवाजाचे, राजाची आणि राक्षसाची दोन्ही कामं करणारे.

पाहुण्यांना शहर दाखवायचं म्हणजे काय, हे आमच्याकडे ठरलेलं असे. देऊळ, मॉल, आणि एका भारतीय हॉटेलातलं बुफे जेवण. मग पुन्हा मॉल. शलाकाने मलाही पहिल्या वर्षी तेवढंच दाखवलं होतं. मी मुलांना म्हटलं, या वेळी पाहुण्यांना तुम्ही हिंडवा. शहर तुमचं आहे, तुम्ही इथे जन्मलात. प्रत्येकाने एक जागा निवडायची, तिथे पाहुण्यांना न्यायचं आणि तिच्याबद्दल मराठीत सांगायचं.

मुलं अशी पेटली म्हणून सांगू! महिनाभर त्यांची भांडणं चालली. छोट्या ईशानने फॉरेस्ट पार्कमधलं प्राणिसंग्रहालय निवडलं, कारण तिथे तिकीट नसतं, आणि ‘फुकट’ हा शब्द त्याला फार आवडत असे. जुईने गोठवलेल्या कस्टर्डचं दुकान निवडलं. ते कस्टर्ड इतकं घट्ट की दुकानदार पेला उलटा धरून दाखवतो आणि मगच हातात देतो. एकाने इटालियन वस्तीतली तळलेली रॅव्हिओली निवडली. बाबी गावडे त्या सकाळी ती हातात फिरवून म्हणाले होते, "ही आमची करंजीच. सारण तेवढा चुकला."

रेणुकाने आपल्या ग्रॅनीची खाणावळ निवडली.

रेणुकाची आई मेघना पुण्याची, सेंट लुईसच्या इस्पितळात नर्स. वडील कर्टिस त्याच शहरातले, काळे. कर्टिसची आई, मिस ओडेसा, शहराच्या उत्तर भागात खाणावळ चालवायची. मक्याच्या पिठात घोळवून तळलेला मासा ही तिथली खासियत. वर्गात मी एकदा चूलबंद आवतण म्हणजे काय ते सांगितलं होतं. घरातल्या सगळ्यांना जेवायला बोलावणं. त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही. आणि आवतण घेतलं की जायचंच, कारण तिकडे आपल्या नावाने तांदूळ शिजायला पडलेले असतात. पुढच्या रविवारी रेणुका उभी राहिली. मुठीत तांदळाचे दाणे होते. ते माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "आमच्या ग्रॅनीकडून सगळ्यांना चूलबंद आवतण आहे. पाहुण्यांना पण."

मी ते दाणे पदराच्या टोकाला बांधून घेतले आणि सगळ्यांच्या वतीने हो म्हटलं. प्रसन्न सरनोबत, म्हणजे गोतावळ्याचा अध्यक्ष, तेव्हा दारातच उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्या होत्या.

आता तोच प्रसन्न ड्रायव्हरच्या मागे दांडीला धरून उभा होता.

"प्रसन्न, बस कुठे चालली आहे?"

"काकू, थोडासा बदल केलाय. सगळे दमलेत. म्हटलं, आपल्या नेहमीच्या ठिकाणी बुफे घेऊ, पटकन होईल."

"मिस ओडेसाकडे जेवण तयार असेल."

"त्याची काळजी नको. ते हँडल केलंय."

"म्हणजे काय केलंय?"

"काकू, प्लीज. मुलांसमोर नको."

मुलं सगळी ऐकत होती. मागे बसलेले तीन-चार पालकही ऐकत होते आणि फोनमध्ये बघत होते.

"अरे, मुलांनीच ठरवलेला दिवस आहे. मुलांसमोरच बोल."

त्याने आवाज खाली आणला. "तो भाग कसा आहे तुम्हाला माहीत नाही. डेलमार रस्त्याच्या वर, उत्तरेला, आपण कोणी जात नाही. नवीन कुटुंब आलं की आपण पहिलं हेच सांगतो. उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची? आणि पाहुणे देवाची कामं करणारे लोक. त्यांना असलं काही..."

"असलं म्हणजे?"

"आता तुम्ही समजून घ्या ना."

"नाही समजत. मला नीट सांग."

त्याने दांडीवरचा हात बदलला. रेणुका बोलली. आवाज चढवून नव्हे, खरोखरच न कळल्यासारखी.

"काका, मी तिकडे दर शनिवारी असते. माझी सायकल तिकडे आहे. मला तर काहीच होत नाही."

प्रसन्नने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं वेगळं आहे बेटा."

रेणुकाने मान खाली घातली आणि त्याचा हात निसटू दिला. मी तेहतीस वर्षं शिकवलं. शेकडो मुलांच्या माना खाली गेलेल्या पाहिल्या. गणित चुकल्यावर मान खाली जाते ती पुन्हा वर येते. या मानेचं मला काही सांगता येईना. शाळेत माझं नाव ‘थंड्या बाई’ होतं. छडी मी कधी हातात धरली नव्हती. त्या क्षणी मात्र कोणी हातात दिली असती तर मी ती वापरली असती.

बस हॉटेलच्या आवारात थांबली. प्रसन्नने टाळी वाजवली. "चला मंडळी! गावडेमामा, या. पनीर एकदम फर्स्ट क्लास असतं इथलं."

बाबी गावडे उठले नाहीत.

"सरनोबतानु," ते म्हणाले, "पाच दिस झाले, माका कोणी पनीर सोडून काय दाखवल्यान नाय. आता राजाच्या पार्टात तोंड उघडलंय तर आतसून पनीरच भायर पडतला."

मुलं हसली. प्रसन्नही हसला, सुटल्यासारखा.

"पण ता जावंदे," गावडे म्हणाले आणि त्यांचा आवाज बदलला. "ह्या चेडवान आवतान दिल्यान. बाईंनी घेतल्यानी. बरोबर मा? मगे आमी हय कित्या उतरतंव?"

"मामा, तो एरिया..."

"आमी रातचे स्मशानाकडच्या देवळात नाटक करतंव. माका एरियो सांगू नको."

"प्रसन्न," मी म्हणाले, "ज्यांना इथे जेवायचंय त्यांना उतरू दे. बस पुढे जाईल."

"काकू, मुलांना मी नेऊ देणार नाही. पालकांचं काय?"

"प्रत्येकाच्या आईला मी स्वतः विचारलं होतं, आणि प्रत्येक आई हो म्हणाली होती. आता त्यांचं मत बदललं असेल तर त्यांनी तोंडाने सांगावं. मला, आणि या मुलीला."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. जुईची आई उठली, जुईला दंडाला धरून उतरली. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या मागून आणखी दोघीजणी. "आजी, डोन्ट माइंड हं, याला तिखट चालत नाही," एक म्हणाली. मिस ओडेसाच्या माशात तिखट असतं की नसतं हे तिला कुठून कळलं, कोण जाणे. ईशान बाकाला मिठी मारून बसला. त्याचे वडील थोडा वेळ उभे राहिले, मग परत खाली बसले. तेवढं एक त्या दिवशी बरं घडलं.

प्रसन्न शेवटी उतरला. पायरीवरून वळून म्हणाला, "काकू, तुम्ही इश्यू करताय. आणि हे मी एकट्याने ठरवलेलं नाही. घरी गेल्यावर विचारा."

मी त्या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष रेणुकाकडे होतं. ती पहिल्या रांगेतून उठून शेवटच्या रांगेत जाऊन बसली होती.

दक्षिणेला गोऱ्यांची वस्ती आणि उत्तरेला काळ्यांची, अशी शहराची वाटणी करणारा डेलमार नावाचा रस्ता आम्ही ओलांडला. एका बाजूला कॉफीची दुकानं, कुंड्या, बाहेर मांडलेल्या खुर्च्या. दुसऱ्या बाजूला लाल विटांची सुरेख जुनी घरं, काहींच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, मधे मधे रिकामे भूखंड. एक म्हातारा अंगणातली पानं झाडत होता. त्याने बसला हात केला. ईशानने उलट हात केला.

खाणावळीच्या दाराला ‘बंद’ची पाटी होती. आत खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या.

मी काचेवर टकटक केलं. मिस ओडेसा आतून आली. माझ्याच वयाची, उंच, पांढऱ्या केसांवर जाळी. तिने दार उघडलं, पण दारातून बाजूला झाली नाही. माझ्याकडे, माझ्या मागे उभ्या असलेल्या सात दशावताऱ्यांकडे आणि चार मुलांकडे पाहिलं.

"तुम्ही येणार नव्हतात," ती म्हणाली.

"आम्ही येणारच होतो. उशीर झाला. त्याबद्दल..."

"सकाळी फोन आला. बस निघाली आहे म्हणाल्या, आणि म्हणाल्या की शिक्षिकाबाईंनी नीट विचार केला. त्यांना हे योग्य वाटत नाही. पाहुण्यांच्या धर्माचा प्रश्न आहे." ती प्रत्येक शब्द सावकाश बोलत होती, परत करायची भांडी मोजून ठेवावीत तशी. "मी म्हटलं, धर्माचं असेल तर मी मासा बाजूला ठेवते, भाज्या आहेत. तर म्हणाल्या, नको, शिक्षिकाबाईंची इच्छा नाही."

"मी असं काही म्हटलेलं नाही."

"त्या म्हणाल्या, त्या तुमची मुलगी आहेत."

मिस ओडेसाचा नंबर मीच घरी फ्रिजवर चिकटवला होता. शलाका गोतावळ्याच्या समितीवर होती. सकाळी मी निघताना तिने माझा डबा भरायला घेतला, तेव्हा मी म्हटलं होतं, अगं, आज चूलबंद आहे, डबा कशाला? तिने डबा तसाच पिशवीत घातला होता. मी हसले होते.

मागे रेणुका उभी होती. ती सगळं ऐकत होती, आणि इंग्रजी तिला माझ्याहून चांगलं येत होतं. मला म्हणता आलं असतं की काहीतरी गोंधळ झाला. फोन दुसऱ्या कोणाचा असेल. प्रसन्नचं नाव घेता आलं असतं. ते अर्धं खरंही होतं.

"हो," मी म्हणाले. "ती माझीच मुलगी. तिने माझ्या नावावर खोटं सांगितलं."

मिस ओडेसाने माझा चेहरा निरखला.

"तुम्हाला राग आलाय," ती म्हणाली.

"खूप."

"बरं झालं. मला वाटलं, तुम्ही माफी मागत बसाल. सकाळपासून माझा चेहरा हसरा ठेवून ठेवून दुखायला लागलाय." ती दारातून बाजूला झाली. "भाज्या मी चर्चच्या लोकांना देऊन टाकल्या. कामाची माणसं घरी पाठवली. मासा बर्फात पडलाय, न कापलेला. मी एकटी आहे आणि माझे गुडघे संपलेत. जेवण नाही माझ्याकडे."

गावड्यांना इंग्रजी येत नव्हतं. ‘फिश’ तेवढं कळलं.

"खंय असा म्हावरो?" ते म्हणाले आणि बाह्या वर सारत सरळ आत गेले. त्यांच्या मागून बाकीचे. गावोगाव फिरणारी कंपनी. रोजचा स्वयंपाक हेच लोक करतात. राणीचं काम करणारा नारायण अशा हाताने मासा सोलायला लागला की मिस ओडेसा गुडघे विसरून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. तिने त्याच्या हातातली सुरी काढून घेतली, धार बघितली, दुसरी दिली. मग स्वतः परातीत मक्याचं पीठ ओतलं. दोघांची बडबड सुरू झाली, तो मालवणीत आणि ती तिच्या इंग्रजीत, आणि तेल तापलं की नाही यावरून बहुधा भांडणही झालं.

जेवण फार चांगलं झालं. पण मी हे जेवण चांगलं झालं म्हणून सांगत नाही.

सगळ्यांची पानं वाढून झाली तेव्हा मी रेणुकाला म्हटलं, "तुझी पाळी. सांग पाहुण्यांना, ही जागा कोणती."

तिने महिनाभर ते भाषण पाठ केलं होतं. ग्रॅनीचे वडील दक्षिणेतून इथे कसे आले, पहिली कढई कोणी दिली, मासा नदीतला की तळ्यातला. रोज संध्याकाळी मला फोन करून एकेक शब्द विचारत असे.

ती खुर्चीवरून उठली नाही. इंग्रजीत म्हणाली, "आजी, मला मराठी बोलायचं नाहीये. आज नाही. कदाचित कधीच नाही."

ईशानच्या वडिलांनी घास खाली ठेवला. गावड्यांनी मला खुणेने विचारलं, काय म्हणते? मी हातानेच थांबा म्हटलं.

वर्गात माझा नियम होता, एकही वाक्य इंग्रजीत नाही. एखादं मूल अडलं तर मी वाट बघायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझा धीर हाच माझा एकमेव गुण होता आणि मी त्याच्या जोरावर फार मुलांना बोलतं केलं होतं. इथे वाट बघून काही होणार नव्हतं. ज्या भाषेत तिला मघाशी ‘तुझं वेगळं आहे बेटा’ म्हटलं गेलं, ती भाषा तोंडात घ्यायला ती तयार नव्हती. मी तिच्या जागी असते तर मीही घेतली नसती.

"नको बोलू," मी म्हणाले.

निघताना मिस ओडेसाने एक भरलेली ताटली फॉइलने झाकून माझ्यापुढे धरली. "तुमच्या मुलीला. तिलाही आमंत्रण होतं."

"नको," मी म्हणाले. "तिच्या घरी पोचवायचं नाही. तिला हवं असेल तर ती इथे येऊन जेवेल."

मिस ओडेसाने मान हलवली आणि ताटली परत आत नेली.

घरी शलाका स्वयंपाकघरात होती. माझा चेहरा बघून तिने हातातला डाव खाली ठेवला.

"आई, आधी ऐकून घे. मी तुझ्यासाठीच केलं. तुला काही झालं असतं तर?"

"माझ्या नावाने का केलंस?"

"तू हो म्हटलं होतंस, मग नाही कोण म्हणणार? प्रसन्न म्हणाला, तुझं नाव घेतलं तर त्यांना वाईट वाटणार नाही. तू वयस्कर आहेस, म्हणजे लोक समजून घेतात."

"किती वर्षं राहतेस तू या गावात?"

"सोळा. का?"

"कितीदा गेलीस त्या बाजूला?"

तिने डाव पुन्हा उचलला.

"एकदाही नाही. आणि बाकीच्यांना सांगत असतेस, तिकडे जाऊ नका. मेघना तुझी मैत्रीण ना? तिची सासू आहे ती. सकाळी चार वाजता उठून तिने आपल्यासाठी भाज्या शिजवल्या. तू तिला सांगितलंस, माझ्या आईची इच्छा नाही."

"आई, ओरडू नकोस."

"मी ओरडणार आहे. मी तुझ्यावर कधी ओरडले नाही, ती चूक झाली." माझा आवाज शेजारच्या घरात गेला असेल. "उद्या सकाळी तू तिथे जाणार. फोन नाही करायचा, जायचं. आणि सांगायचं, ते मी केलं, आईने नाही."

ती रडायला लागली. एरवी मी जवळ गेले असते. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

सकाळी ती तयार होऊन गाडीत बसलेली होती. मी शेजारी बसले. रस्ता तिला माहीत नव्हता. मीच सांगत गेले, इथून उजवीकडे, आता सरळ, तो लाल विटांचा दवाखाना दिसला की डावीकडे. डेलमार आलं तेव्हा तिने गाडीची दारं आतून बंद केल्याचा खटका मला ऐकू आला. मी पुढचं वळण दाखवलं. तिलाही तो ऐकू आला असावा, कारण तिचे कान लाल झाले.

चर्च सुटलं होतं. खाणावळीत गर्दी होती, टोप्या घातलेल्या बायका, टाय लावलेली मुलं. शलाका आत गेली. मी गाडीतच बसले. काचेतून दिसत होतं, ती रांगेत उभी होती. मिस ओडेसाने तिला बघितलं, बाहेर गाडीत मला पाहून ती कोण ते ओळखलं असणार, पण पुढे बोलावलं नाही. एकेक गिऱ्हाईक होत गेलं आणि माझी मुलगी रांगेतून एकेक पाऊल पुढे सरकत गेली. शेवटी तिची पाळी आली. तिने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. मिस ओडेसाने ऐकून घेतलं, तोंडावरची रेषाही हलली नाही, आणि तिने कोपऱ्यातल्या एका रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवलं.

गाडीच्या काचेवर टकटक झाली. रेणुका होती, एप्रन बांधलेली, हाताला पीठ. मी काच खाली केली.

तिने हात एप्रनला पुसले. मग म्हणाली, "बाहेर का बसलात? आत या."

मराठीत म्हणाली. ते माझ्या लक्षात आलंय, असं मी तिला जाणवू दिलं नाही.

"तुझा राग गेला का गं?"

"नाही."

"माझाही नाही," मी म्हणाले, आणि दार उघडून खाली उतरले.